तिसरा भाग, संथ

वाद्यवृंदाच्या तालमीत त्यांनी छडी हवेतच थांबवली. हॉर्नवाल्याचा सूर मधेच तुटला होता.

“पुन्हा घ्या. आणि श्वास पुरवून वापरा.”

“सर, पुरवायला आधी उरायला तर हवा,” हॉर्नवाला म्हणाला. मागे ढोलांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

हीच सिंफनी त्यांनी ऐन उमेदीत अशी काही सुसाट वाजवून घेतली होती, की तिच्या रेकॉर्डनं त्यांचं नाव झालं. मुलगा कंडक्टर आहे, पण बसमधला नव्हे, हे शेजाऱ्यांना समजावताना आईची होणारी दमछाक त्या रेकॉर्डनंतर थांबली. वादकांनी त्यांना ‘घोडदौड’ म्हणायला सुरुवात केली, तीही तेव्हापासूनच. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हा त्यांचा शेवटचा हंगाम. निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांनी तीच सिंफनी निवडली, तेव्हा सगळ्यांनी कंबर कसली. आणि आता तिचा तिसरा भाग मुंगीच्या पावलांनी चालला होता.

चहाच्या सुट्टीत मंच रिकामा झाला. पहिल्या व्हायोलिनवाल्या बाई तेवढ्या मागे राहिल्या. दोघांचेही केस याच मंचावर पांढरे झाले होते.

“खांदा दुखतोय का?”

“नाही.”

“मग? पोरं म्हणतायत, म्हातारा थकला.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणते, कारण कळलं तर वाजवायला बरं पडेल.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला.

“ती म्हणायची, मी इथे धावतो.”

ती कोण, हे बाईंनी विचारलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला स्मशानात पोचवायला सगळा वाद्यवृंद गेला होता. हयातभर ती प्रत्येक तालमीला यायची आणि कुणाच्या नजरेत नको म्हणून बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेत शब्दकोडं घेऊन बसायची. घरी जाताना गाडीत एवढंच म्हणायची, “तिसऱ्यात पुन्हा धावलात.” ते हसायचे. “तू तुझे आडवे-उभे शब्द बघ,” म्हणायचे.

“म्हणजे हे तिच्यासाठी?”

“आता तरी.”

बाई गजाच्या केसांवरून राळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही तिथे कधी बसलायत?”

“मागे? मी कशाला बसेन? माझी जागा इथे.”

“माझा हात मोडला होता तेव्हा मी बसले होते. जाऊन या. तुमच्या जुन्या लयीत वाजवतो आम्ही. मी सांभाळते.”

सुट्टी संपल्यावर ते खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत मागे गेले. बाल्कनीखाली छत एकदम डोक्यावर आलं. ते बसले. बाईंनी मानेनं इशारा दिला आणि घोडदौड सुरू झाली.

हॉर्न छान लागला. मग चेलोंनी धून उचलली, पण ती कानात ठरेपर्यंत तिच्यावर पुढची ओळ येऊन पडली. एकाच खोलीत सगळे एकदम बोलायला लागावेत, तसे सूर एकमेकांत घुसत होते. बासऱ्या चेलोंना उत्तर देतात ती जागा त्यांची लाडकी. तिच्याबद्दल ते मुलाखतींतून बोलले होते. ती आली कधी आणि गेली कधी, त्यांना समजलंच नाही.

ते पुढे झुकले. कानामागे हात धरला. काही फरक पडला नाही.

ती संगीताबद्दल मत देत नव्हतीच. तिला नीट ऐकू येत नव्हतं, एवढंच सांगत होती. आणि पुढे येऊन बस, असं तिला म्हणावं, हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

वाजवणं थांबलं. बाईंनी मागे वळून हाक दिली, “मग? कशी ठेवायची लय?”

बाईंचा आवाजही इथे पोचेपर्यंत विरघळला होता. ते काहीतरी बोलले.

“काय म्हणाले सर?” हॉर्नवाल्यानं विचारलं.

मंचावर कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. बाईंनी दिव्यांचा उजेड हातानं अडवून त्या अंधाऱ्या रांगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

“त्यांना बसू द्या,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून घ्या. सावकाश.”