बारा किलो बाजरी

चांदवडहून नाशिकला रोज एसटीनं येण्याजाण्यात निकिताचे साडेतीन तास जात आणि दुपारचं प्रॅक्टिकल अर्ध्यावर टाकून बस गाठावी लागे. म्हणून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, २००३ च्या जुलैत, तिनं गंगापूर रोडला मोहिनीबरोबर खोली घेतली. मोहिनी त्र्यंबकेश्वरची, मेसला जेवणारी. निकिता मात्र स्वतः करून खाणार होती.

वडिलांनी, पुंजाभाऊंनी, मुदत घालून दिली. "एक महिना बघू. महिन्यानं तुझी आई येईल, तुझ्या हातचं जेवंल. तिनं हो म्हटलं तर राहा. नाय तर पुन्हा एसटीचा पास."

येताना तिनं घरची बारा किलो बाजरी आणली. घरी दर पाच दिवसांनी दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायचं काम लहानपणापासून तिच्याकडेच होतं आणि त्या खेपांचा तिला कंटाळा होता. घरचा डबाच लहान, म्हणून एवढ्या खेपा पडतात अशी तिची समजूत. इथे तिनं मोठा पत्र्याचा डबा घेतला, सगळी बाजरी एकदम दळून आणली आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीला लावतात तशी चिठ्ठी झाकणावर डकवली : बाजरीचं पीठ, ६ जुलै.

पहिला आठवडा भाकरी चांगली झाली. मग कडेनं चिरा पडू लागल्या. पंधराव्या दिवसापासून तर थापतानाच तिचे तुकडे होऊ लागले.

"हा बघ सिन्नर तालुका," ताटातला एक तुकडा उचलून मोहिनी म्हणाली. "आणि हा निफाड. रोज एवढा मोठा जिल्हा कशी खातेस गं?"

"पाणी कमी पडतंय," निकिता म्हणाली.

तिनं जर्नलच्या मागच्या पानावर नोंदी ठेवल्या. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. आधी पाणी वाढवलं. मग पाणी उकळून घेतलं. चिरा थोड्या कमी झाल्या, तेवढंच. दहा मिनिटं मळलं, वीस मिनिटं मळलं. गॅस बारीक केला. पुढे भाकरी कडवट लागायला लागली, तेव्हा तिनं तवा तीनदा घासला. पाणी, हात, गॅस, तवा, सगळं बदलून झालं. पीठ बदलायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण पीठ तर घरचं होतं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला बोलावता आलं असतं. दोनदा ती बूथपर्यंत जाऊनही आली.

"विचार की आईला," मोहिनी म्हणाली.

"विचारलं की संपलं. भाकरी येत नाही म्हटल्यावर ती कशाला राहू देईल?"

दोन ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, निकितानं हार मानली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या आईला पोळ्या घालायच्या ठरवून ती कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हाचं पीठ आणायला गेली. गिरणी अंबूबाई चालवायच्या. पिठानं पांढरी झालेली भुवई उचलून त्या म्हणाल्या, "बाजरीवाली ना तू? एवढ्यात संपलं बारा किलो?"

"नाही. भाकरीच होत नाही. तुकडे पडतात."

"कडू लागते?"

"हो."

"अगं, महिना होत आला की दळून! विरी गेली पिठाची. चिकटपणा गं, तो गेला की भाकरी थापली जात नाही. बाजरीचं पीठ आठ दिवसांचं. त्यात हा पावसाळा."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, घरात बारा माणसं असतील," अंबूबाई म्हणाल्या.

निकिता तिथेच उभी राहिली. बाजरीत स्निग्धांश भरपूर असतो. दाणा फुटला की त्याला हवा लागते. तेलं खवट का होतात, हे तिनं एप्रिलच्या परीक्षेत सविस्तर लिहिलं होतं आणि पाचापैकी पाच गुण मिळवले होते.

तिनं किलोभर बाजरी तिथेच विकत घेऊन दळून घेतली.

रविवारी सकाळी जुन्या पिठाचा डबा मोहिनीच्या खाटेखाली गेला. दहाच्या सुमारास आई, लंकाबाई, आल्या. त्यांनी खोली पाहिली, मोरी पाहिली, आणि पाय दुमडून जेवायला बसल्या. भाकरी टम्म फुगली होती. त्यांनी ती मोडली, पिठल्याला लावून खाल्ली, दुसरी मागितली.

"जमलं की गं. सांगते तुझ्या बापाला."

मोहिनी निकिताकडे पाहून डोळे मिचकावत होती. आता गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण एकाच दिवशी आलेल्या चांगल्या रीडिंगवर निष्कर्ष काढलेला निकिताला बघवेना. तिनं खाटेखालून डबा ओढला.

लंकाबाईंनी झाकण काढलं, वास घेतला, चिठ्ठी वाचली.

"सगळी एकदम दळलीस?"

"हो."

"आन् भाकर फाटत किती दिवस व्हती?"

"वीसेक दिवस."

"मग खाल्लंस काय?"

"तीच."

"पोट बिघडलं असतं म्हणजे? फोन का नाय केला?"

"केला असता तर तू घरी बोलावलं असतंस."

लंकाबाईंनी थोडा विचार केला. "बोलावलंच असतं," त्या म्हणाल्या, आणि ताटातली उरलेली भाकरी संपवली. मोहिनीला त्र्यंबकच्या पावसाचं विचारलं. मग उरलेलं पीठ त्यांनी पिशवीत भरून घेतलं. म्हशीच्या आंबोणात चालेल म्हणाल्या.

सीबीएसवर चांदवडची गाडी लागली होती. खिडकीशी बसून लंकाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. निकिता खाली उभी होती. हो की नाही, हे तिला अजून कळलेलं नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

कंडक्टरनं घंटी दिली.

"येत्या रविवारी कंडक्टरच्या हाती पाच किलो बाजरी पाठविते," लंकाबाई म्हणाल्या. "घ्यायला ये."

"दळून?"

"दाणे. दळायचं तुझं तू बघ."

गाडी वळेपर्यंत निकिता थांबली. दिवसाला तीनशे ग्रॅम धरले, तर एका खेपेला दोन किलोच दळायची. सातव्या दिवशी पुन्हा गिरणी. परत येताना तिनं भांड्यांच्या दुकानातून एक लहान डबा घेतला.