कारणाचा रकाना

पाकिटांच्या त्या कारखान्यात रजा मागायची एक रीत होती. अर्जावर नाव, खातं आणि दिवस लिहून भागत नसे. शेवटचा रकाना कारणाचा होता, आणि तोच सगळ्यात रुंद होता. नावाला दोन बोटं जागा, कारणाला चांगली वीतभर. ते कारण मोठे कारकून आधी मनात वाचत, मग चारचौघांत मोठ्याने वाचत आणि मग लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत उतरवून घेत. वही तीस वर्षांची होती. कोणाचा कोणता नातेवाईक कोणत्या साली खर्ची पडला, हे ते पान न उलगडता सांगत.

त्यामुळे रजा ही हक्काची गोष्ट असते हे लोक विसरूनच गेले होते. रजा मिळायची ती दया म्हणून, आणि दया यावी एवढ्यासाठी जो तो घरातली दुखणी थोडी ताणून सांगे. खिडकीची पाकिटं करणाऱ्या एकाने सासूचं एकच ऑपरेशन तीन हप्त्यांत उरकलं होतं.

डिंकवालीला हे ताणणं कधी जमलं नाही. बावीस वर्षं ती पाकिटांच्या झाकणाला डिंक लावणाऱ्या यंत्रावर होती. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहत होतं. बाकी सगळ्यांसाठी ती डिंकवाली. आईवडील आणि सासूसासरे, चौघंही जसे गेले तसे तिने एकेकदाच अर्जात लिहिले होते.

गेल्या वर्षी लोकांनी पाकिटात काही घालून पाठवणंच कमी केलं आणि कारखाना चार महिने बंद ठेवावा लागला. बावन्न जणांना घरी बसवलं, अर्ध्या पगारावर. ऑफिसने त्याला ‘तात्पुरती कामविश्रांती’ असं नाव दिलं. तसं पत्र प्रत्येकाला आलं, अर्थात कारखान्याच्याच पाकिटातून. पत्रात अटी होत्या: फोन कायम चालू ठेवावा, गाव सोडू नये, बोलावणं आल्यापासून दोन तासांत गेटवर हजर व्हावं. डिंकवालीला चार महिन्यांत दोनदा फोन आला. दोन्ही वेळा फोन लागतो की नाही हे बघायला.

याच चार महिन्यांत तिची ताई सारखी म्हणत होती, घरीच आहेस तर ये की. ताई रात्रभराच्या प्रवासावर राहायची. तिने घर विकायला काढलं होतं. मुलाने तिला परदेशात कायमचं बोलावून घेतलं होतं, आणि आता तिकीटही आलं होतं, पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेचं. दोघी बहिणी लग्न झाल्यापासून सलग तीन दिवसांवर एका छपराखाली राहिल्या नव्हत्या. ताई सत्तरीला आलेली. “तिकडून मी परत येईन असं काही मला दिसत नाही बाई,” असं ती भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात सांगायची. पण गाव सोडू नये म्हणून पत्र आलेलं, आणि डिंकवाली पत्रातली अट पाळणाऱ्यांतली.

कारखाना पुन्हा सुरू झाला. बंद होण्याआधीच्या शेवटच्या पगारचिठ्ठीवर तिची शिल्लक रजा अठरा दिवस होती. तिने चिठ्ठी जपून ठेवली होती. तिने अर्ज भरला, अठरा दिवसांचा, आणि कारणाचा रकाना कोरा ठेवून मोठ्या कारकुनांपुढे सरकवला.

त्यांनी चष्मा वर केला. कारण राहिलं, म्हणाले.

“रजा शिल्लक आहे, काका.”

“हे कारण नव्हे, बाई. ही परिस्थिती झाली.”

मग त्यांनी सवडीने सांगितलं की परिस्थितीही तशी नाही. वरून हुकूम आला होता. बंदच्या काळात सगळ्यांची शिल्लक रजा वापरून टाकलेली आहे. आता तिच्या नावावर शून्य.

डिंकवाली तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. व्यवस्थापक साहेब वयाने तिच्या धाकट्या दिराएवढे होते आणि त्यांना कुटुंब हा शब्द फार आवडायचा. बावन्न जणांना घरी बसवलं तेव्हाही त्यांनी हा शब्द सात वेळा वापरला होता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि हसत म्हणाले, बाई, चार महिने चांगला आराम झाला की तुमचा.

“दोन तासांत गेटवर या, गाव सोडू नका, फोन बंद करू नका. याला आराम नाही म्हणत, साहेब. याला पहारा म्हणतात.”

साहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस आत गेला. मग त्यांनी आवाज मऊ केला. तिच्या बहिणीचं त्यांच्या कानावर आलं होतं. नियमात बसत नाही, पण आपण कुटुंब आहोत. तिने अर्जात बहीण अत्यवस्थ असं लिहावं, विशेष बाब म्हणून ते चार दिवस देतील. तिने सांगितलं, बहीण ठणठणीत आहे. साहेब म्हणाले, लिहायला काय जातं. आणि तिला दारापर्यंत सोडताना सहज बोलावं तसं बोलले की नवीन डिंकयंत्र येतंय, त्यावर कोणाला बसवायचं ते अजून ठरलेलं नाही.

घरी तिच्या नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि घाई त्याच्या धंद्यातच नव्हती. हातातलं भिंग न काढता तो म्हणाला की चार तर चार, पदरात पाडून घे.

“दोन जाण्यायेण्यात जातील. उरले दोन. त्यात तिची कपाटं बघू की तिचं तोंड?”

“मग अत्यवस्थच्या ऐवजी गंभीर लिही. सहा मिळतील.”

“अहो, मी चार घेतले की बाकीचे चौदा गेले यावर मीच सही केल्यासारखं. आणि माझेच नाही, एक्कावन्न जणांचे.”

नवऱ्याने भिंग काढलं. बावीस वर्षांत तिने बाकीच्या एक्कावन्न जणांचा विषय घरी कधी आणला नव्हता. तो म्हणाला, मग बाई, आधी हे तरी विचार, की अठरा दिवस गेले म्हणतात ते कधी गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मोठ्या कारकुनांना नेमकं हेच विचारलं. त्यांनी नकार द्यायला हवा होता. पण तीस वर्षांत वही बघायला कोणी मागितली नव्हती, आणि माणसाच्या अक्षराची कदर कधीतरी व्हावीच. त्यांनी टेबल पुसलं, वही ठेवली आणि पान काढून दिलं.

तिचं नाव होतं. तारीख तीन ते वीस, दिवस अठरा. कारण: पतीचे निधन.

तिने ते दोनदा वाचलं. अक्षर खरोखर सुंदर होतं.

“काका, हे काय?”

मोठे कारकून जराही गडबडले नाहीत. त्यांनी अडचण समजावून सांगितली. हुकूम आला की बावन्न जणांची रजा मांडून टाका. ठीक. पण कारणाचा रकाना मोकळा सोडता येत नाही, तीस वर्षांत सोडलेला नाही. मग त्यांनी तीन दिवस बसून प्रत्येकासाठी कारण शोधलं. आणि मनाला येईल ते नाही. दिवसांना शोभेल असं. सर्दीवर अठरा दिवस कोण देतं?

“म्हणून माझा नवरा?”

“तुमचे आईवडील, सासूसासरे आधीच वहीत लागून गेले होते, बाई. मी मागे जाऊन तपासलं.” थोडं थांबून ते म्हणाले, “मलाही बरं वाटलं नाही.”

तिने पान खाली वाचत नेलं. पाकिटं शंभर-शंभर मोजून बांधणाऱ्या बाईचा, जिला सगळे शंभरी म्हणत, उजवा पाय मोडला होता. कागद कापणारा कटरवाला चाळिशीचा बिनलग्नाचा; त्याने एकवीस दिवस घेऊन मुलीचं लग्न लावलं होतं. डिंकवालीने फोन काढून फोटो घेतले. मोठ्या कारकुनांनी वही उजेडाकडे सरळ धरली, फोटो नीट यावेत म्हणून.

संध्याकाळपर्यंत बावन्नच्या बावन्न जणांना आपापलं कारण कळलं होतं. पाकीट चिकटवता चिकटवता लोक एकमेकांची चौकशी करत होते. पाय कसा आहे? जावई काय करतो? दोघांना एकाच मामाचं निधन लागलं होतं, ते एकमेकांना मामेभाऊ म्हणायला लागले. हसून झालं, मग शंभरी गठ्ठा बांधता बांधता थांबून म्हणाली की इतकी वर्षं आपण थोडं खोटं बोललो तर खालमानेने बोललो. यांनी आपल्या नावाने बोलताना आपल्याला विचारलंसुद्धा नाही. डिंकवालीने एक कागद आणला होता. कामगार कार्यालयाच्या नावाने अर्ज, खाली फोटोंच्या प्रती. लोकांनी सह्या केल्या. तिघेजण कचरले, त्यातल्या एकाला कटरवाल्याने लग्नाचं आमंत्रण नव्हतं का, असं विचारलं, आणि त्याने सही केली. उरलेल्या दोघांनी घरी विचारून सकाळी केली.

सकाळी ती नवऱ्याला घेऊन कारखान्यात आली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. केबिनमध्ये ती, तो, शंभरी आणि कटरवाला मावले. बाकीचे दाराशी उभे राहिले.

“साहेब, हे माझे मिस्टर,” डिंकवाली म्हणाली. “तीन तारखेला वारले.”

“नमस्कार,” नवरा म्हणाला.

साहेब सवयीने बसा म्हणून गेले. नवरा बसला. कटरवाल्याने आपल्या मुलीच्या लग्नाला साहेब आले नाहीत याचं वाईट वाटल्याचं सांगितलं, कुटुंबातलंच कार्य होतं, म्हणाला. शंभरी नुसती उजव्या पायावर उभी राहिली.

साहेबांनी मोठ्या कारकुनांना बोलावलं, वही मागवली, पान पाहिलं आणि मान हलवली. लेखनिकाची चूक झाली, म्हणाले. आजच दुरुस्त करून घेऊ. प्रत्येकाने आपलं खरं कारण सांगावं, तिथे ते लिहिलं जाईल.

“कारणं राहू द्यात साहेब,” डिंकवाली म्हणाली. “दिवस द्या.”

मग तिने टेबलावर एक पाकीट ठेवलं, मोठं, झाकण अजून न चिकटवलेलं. आत काय आहे ते सांगितलं. पोस्ट चार वाजता निघते हेही सांगितलं. साहेबांनी अर्ज वाचला, मग फोटो पाहिले, मग पुन्हा बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, जणू तोच अजून काही मदत करू शकेल. नवऱ्याने भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे असल्याचं निदर्शनास आणून दिलं.

त्यांनी संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. तिने चार वाजेपर्यंत दिली. दुपारभर केबिनचं दार बंद होतं आणि आत फोनवर फोन चालले होते. हॉलमध्ये यंत्रं चालू होती. काम थांबवायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं, नाहीतर उद्या तेही रजेत धरतील.

पावणेचारला सूचनाफलकावर कागद लागला. बंदच्या काळात मांडलेल्या रजा रद्द, सगळ्यांची शिल्लक पूर्ववत. साहेबांनी डिंकवालीला आत बोलावून तिचा अर्ज पुढे घेतला, पेन उघडलं आणि हात थांबवला.

“अठरा देतोय. आता तरी रकान्यात काहीतरी लिहा. अशी कोरी रजा दिली की उद्या रांग लागेल.”

“लागू द्या.”

“नवीन यंत्राचं ठरायचंय, हे लक्षात आहे ना?”

“बावीस वर्षं डिंक लावलाय, साहेब. यंत्र बदललं म्हणून डिंक बदलत नाही. आणि मला बसवलं नाहीत तर त्याचं कारण मात्र तुम्हाला लिहावं लागेल. या पाकिटात अजून एका कागदाची जागा आहे.”

साहेबांनी सही केली. अक्षर वहीतल्यासारखं सुंदर नव्हतं, पण वाचता येत होतं.

अर्ज नोंदवायला ती मोठ्या कारकुनांकडे गेली. त्यांनी लाल वही उघडली, नाव लिहिलं, दिवस लिहिले आणि वीतभर मोकळ्या जागेपुढे पेन धरून बसले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात विचारलं की वहीत नाही लिहीत, पण निदान मला तरी सांगा.

“आल्यावर सांगेन, काका. चहाला घरी या.” ती म्हणाली. “हेसुद्धा असतील.”

मागे कटरवाला अर्ज घेऊन उभा होता, त्याच्या मागे शंभरी, आणि तिच्या मागे आणखी कोणकोण.

गेटबाहेर पडल्यापडल्या तिने ताईला फोन लावला. अठरा दिवस येतेय, म्हणाली. पलीकडे ताईने नाक ओढलं आणि लगेच ठणकावून सांगितलं की एवढी येतेयस तर माळा तूच रिकामा करायचा, माझ्याने आता शिडी चढवत नाही, आणि भांड्यांची वाटणीही अजून व्हायची आहे.

“माळ्याचं बघू, ताई,” डिंकवाली म्हणाली. “पहिले दोन दिवस मी नुसती झोपणार आहे. मला उठवायचं नाही.”