लंघनाची मर्यादा

जामखेडहून परतलेले नृसिंहशास्त्री वैद्य पायांची धूळही न धुता आबासाहेबांच्या घरी गेले. बेलापुरात पाऊल ठेवताच कानी आले होते की आबासाहेबांची सून दमयंती अंथरुणावरून उठेनाशी झाली आहे. त्रेचाळीस सालच्या ह्या उन्हाळ्यात तिला आलेला ज्वर त्यांच्याच औषधाने उतरणीला लागला होता. आठवड्यापूर्वी भाच्याच्या मुंजीला तिकडे निघताना त्यांनी सांगून ठेवले होते, आज लंघन आणि उद्यापासून मुगाचे कढण.

नाडी पाहताच त्यांचा चेहरा तापला. ज्वर केव्हाच निघून गेला होता. पोरीच्या अंगात त्राण तेवढे उरले नव्हते. सासू अंबिकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या की कढण रोज केले, रोजच ह्यांनी ते परत पाठवले.

शाळेतून निवृत्त झालेले आबासाहेब ओसरीवर जाडजूड कोश मांडीवर घेऊन बसले होते. लंघन म्हणजे उपवास, असे त्यात छापलेले होते. कढणाची सवलत वैद्यबुवांनी मायेपोटी दिली, शास्त्र मात्र कडक आहे, असा निवाडा त्यांनी स्वतःच केला होता आणि आळीभर अभिमानाने सांगितलाही होता.

“शास्त्राबाहेर मी काही केले नाही,” ते म्हणाले.

“कोणत्या शास्त्राबाहेर?” शास्त्रीबुवांचा आवाज चढला नाही. “लघु शब्दाच्या कुळातला हा शब्द. देह हलका करील ते लंघन. पूर्वाचार्यांनी त्याचे दहा प्रकार मानले, उपवास हा त्यांतला एक, तोही अंगात बळ असलेल्याला. पोर हलकी व्हायची होती, आबासाहेब. तुम्ही तिला रिकामी केलीत. कोशकाराने तिची नाडी पाहिली होती काय?”

आबासाहेबांनी कोश मिटला.

तोवर अंबिकाबाईंनी तांदळाची पातळ पेज आणली. शास्त्रीबुवांनी वाटी त्यांच्या हातून घेतली आणि आबासाहेबांपुढे धरली. “कढण परत पाठवलेत ना? आता ही तुम्हीच नेऊन द्या.”

सुनेच्या खोलीचा उंबरा आबासाहेबांनी आजवर ओलांडला नव्हता. ते आत गेले तशी दमयंती पदर सावरू लागली. तेवढेही तिला जमेना. त्यांनी मान खाली घालून वाटी तिच्या ओठांशी नेली. थांबत थांबत तिने ती संपवली.

“आणखी आणू का?” त्यांनी दाराकडे वळून विचारले. स्वर पार उतरला होता.

शास्त्रीबुवांचा राग मात्र अजून उतरला नव्हता.

“आज एवढेच,” ते म्हणाले. “हलके आणि बेताचे. ह्यालाही लंघनच म्हणतात.”