काटा सेटल झाला की

"थांब, हात लावू नकोस. काटा सेटल झाला की मगच वाचायचं."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. ह्यांचा धंदाच वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणावाल्याचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचासुद्धा. जेवणाच्या टेबलावर एखादा काटा असतोच. आज मात्र त्याच्या तबकात आमची कर्जाच्या पावत्यांची फाइल होती.

"एक किलो दोनशे चाळीस," हे म्हणाले.

"बँकेत काय तोलून घेतात कागद?"

"सात वर्षं आहेत ह्यात. कळू दे की किती भरली."

सात वर्षांपूर्वी भागीदार अर्धी यंत्रं उचलून निघून गेला आणि वर्कशॉपचं सगळं कर्ज ह्यांच्या एकट्याच्या अंगावर पडलं. वसुलीचा माणूस दारात उभा राहून म्हणाला होता, "काका, निम्मे टाका, तडजोडीत मिटवून टाकू."

"पैसे अख्खे घेतले, तर निम्म्यावर काटा कसा थांबेल, दादा?" हे म्हणाले होते.

चौऱ्याऐंशी हप्ते भरले. एका वर्षी चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून चालवली, पण त्याच चष्म्यातून लोकांचे काटे रेघेला रेघ लावून दिले. जरा दम घ्या म्हटलं, तर मलाच विचारायचे, "तुझा रोजचा जपाचा नेम मोडतेस का कधी? मग माझा महिन्याचा का मोडू?"

आता घरमालकीणबाई आमच्या ह्याच दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. "तुम्हाला आधी विचारते आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पण महिनाअखेरपर्यंतच हं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." महिना संपायला बारा दिवस होते.

खोल्यांसाठी कर्ज मागायला आम्ही फाइल घेऊन बँकेत गेलो. तिथल्या मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. फाइल बघून खूश झाल्या, मग संगणकाकडे बघून थबकल्या.

"काका, जुन्या कर्जासमोर 'सेटल' लिहिलंय."

"बरोबर आहे. केलंच आहे सेटल."

"अहो, म्हणजे कमी भरून तडजोड केलीत असा अर्थ होतो. पण काही हरकत नाही, व्याज थोडं जास्त लावून मी अर्ज पुढे पाठवते. आजच सही करा."

मला त्या दोन खोल्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. मी हळूच म्हटलं, "लागू दे की थोडं जास्त."

ह्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, मी निम्म्यात मिटवलेलं नाही. जे केलं नाही, त्याखाली सही नको."

रस्त्याने मी चार पावलं पुढेच चालत राहिले. मनातल्या मनात नामस्मरण चालू होतं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या कर्जाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कने बराच वेळ कपाट उपसलं आणि एक घडी केलेला अर्ज काढला.

"'माझे कर्ज मी सेटल केले आहे, तसा दाखला द्यावा.' अक्षर कोणाचं, काका?"

ह्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं. अक्षर ह्यांचंच होतं, एकेक वळण घोटलेलं.

"तुम्ही लिहिलंत सेटल, इथे कुणीतरी चढवलं सेटल," क्लार्क म्हणाला. "आता काय करायचं?"

मला हसू आवरेना. सात वर्षं डाग पडू दिला नाही, आणि शेवटचा शिक्का मारला तो स्वतःच्याच हाताने!

"आमच्या धंद्यात सेटल म्हणजे काटा हलायचा थांबला," हे शांतपणे म्हणाले. "जिथे थांबायला हवा, बरोबर तिथे." आणि फाइल पुढे सरकवली.

क्लार्कने बोट ओलं करून पावत्या मोजल्या. चाळीसनंतर त्याचा वेग कमी झाला. चौऱ्याऐंशीवर तो उठला आणि कोपऱ्यातली खुर्ची आणून त्याने ह्यांच्यामागे ठेवली. तोवर आम्ही उभेच होतो.

"बसा, काका. पत्र साहेबांच्या सहीनं येईल. आठ दिवस लागतील."

नऊ लागले. मॅडम फोनवर म्हणाल्या, "पत्र घेऊन उद्या सकाळीच या, अर्ज करून टाकू." घरमालकीणबाईंना मी जिन्यातच गाठून सांगितलं. "उद्या ना? मग त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या.

पत्रात दोनच ओळी होत्या. कर्ज पूर्ण फेडले आहे. काहीही येणे बाकी नाही. ह्यांनी त्या मोठ्याने वाचल्या, पत्र फाइलीत लावलं आणि फाइल पुन्हा तबकात ठेवली. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला.

"किती?"

"थांब."

मी थांबले. काटा आधीच्या जागेपासून एक रेघ पुढे जाऊन उभा राहिला. त्या काट्यावर एक रेघ म्हणजे पाच ग्रॅम.

"झाला सेटल?" मी विचारलं.

"पूर्ण म्हण," हे म्हणाले, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसले.