खिडकी उघडी ठेवण्याचा ठराव

"परत उघडली खिडकी? आता सूप काय दातांनी फोडून खायचं?" त्सियोन मफलरातल्या मफलरात पुटपुटली. शेजारी बसलेल्या निंगने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कॅनडातल्या विनिपेगचा जानेवारी, बाहेर उणे तीस, आणि शाळेच्या जेवणघराची खिडकी सताड उघडी. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. निंग रोज आपल्या फिलिपिनो आजीने तळलेले सुके मासे आणायची आणि इथल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची.

मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, विद्यार्थी परिषदेने आज काय तो निकाल लावावा, नाहीतर मायक्रोवेव्ह अडगळीत जाईल. म्हणजे निंगला उन्हाळ्यापर्यंत गारढोण भात. पण त्याहून तिला लागलं होतं ते बोहदानचं वागणं. पहिलीपासूनचा दोस्त, तिला खुशाल 'बोक्याची मावशी' म्हणायचा. परिषदेचा अध्यक्ष झाला आणि सरकारी पाटीसारखा बोलायला लागला.

"हा विषय कुणा एकाच्या जेवणाचा नाही," त्याने जेवणघरातच भरलेल्या सभेची सुरुवात केली, "हवेचा आहे."

मग दोष आपल्या अंगावर ओढून घ्यायची चढाओढच लागली. त्सियोन म्हणाली, आमचा इंजेरा हा आंबोळीसारखा इथिओपियन प्रकार पीठ आंबवूनच होतो, वास त्याचाच असणार. एकाने स्वतःचे मोजे पुढे केले. बोहदानने तर सगळं खापर आपल्या युक्रेनियन आजीच्या लसणीवर फोडलं. आजी बिचारी केव्हाच देवाघरी गेलेली.

आपणच सांगून टाकावं, असं निंगला वाटलं. पण मग सगळे तासभर तिची माफी मागत बसले असते, आणि वर भिंतीवर तिच्या माशाचं रंगीत चित्र लागलं असतं.

शेवटी 'खिडकी कायम उघडी' हा ठराव मताला आला. हातमोजे घातलेले सगळे हात वर गेले, निंगचासुद्धा. ठराव वाचताना बोहदानचे दात असे कडकडत होते, की 'विविधतेचा आदर' काही केल्या तोंडातून पुरा बाहेर पडेना. निंगला हसू आवरेना.

बोहदानने तिच्याकडे पाहिलं. उठून खिडकी धाडकन लावली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"निंग, तुझ्या माशांचा भयंकर घाण वास येतो गं."