भेसळ नसलेलं शेत

गव्हाला ओंब्या आल्या आणि भिंगानं रस्त्यानं जाणं सोडलं. दुकानात जायचं असो की दाढी करायला, तो ओढ्याच्या कडेनं, काट्याकुट्यांतून, दुप्पट चालून जायचा. दारात चिखलाची पावलं उमटायची आणि बायको ती पुसताना विचारायची, "रस्ता काय वाहून गेला का?" रस्ता होता तिथेच होता. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना गव्हाची शेतं होती, आणि सारख्या उंचीच्या त्या पिकातून वीतभर मान वर काढून जागोजागी उंच झाडं उभी होती. इथे एक, तिथे तीन, बांधाजवळ झुबकाच. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "यंदा हे काय उगवलंय?" ते काय उगवलंय आणि कुठून आलंय, हे साऱ्या गावात भिंगाला पक्कं ठाऊक होतं.

भिंग हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तोंडावर भिंगभाऊ, पाठीमागे नुसतं भिंग. सदऱ्याच्या खिशात तो खरोखरच एक भिंग बाळगायचा, पण बाळगलं नसतं तरी नाव बदललं नसतं. पाहुणा म्हणून गेला तरी हा माणूस आधी ताटाची कड तपासायचा. गावातल्या बत्तीस घरांनी नऊ वर्षांपूर्वी गट करून ठरवलं, की गव्हाचं बी आपलं आपण करायचं; दुकानातलं एका वर्षी उगवलं नव्हतं आणि दुसऱ्या वर्षी उगवलं ते पिशवीवरच्या चित्रातलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी दोन शेतं फक्त बियाण्यासाठी राखली जायची. तिथला गहू चाळून, वाळवून बियाण्यांच्या खोलीतल्या मोठ्या पत्र्याच्या कोठीत पडायचा आणि पेरणीआधी घरोघर वाटला जायचा. त्या दोन शेतांत दुसऱ्या जातीचं एकही झाड राहता कामा नये. दिसलं की मुळासकट उपटायचं. याला भेसळ काढणं म्हणतात, आणि भेसळ निघाली की नाही हे बघायचं काम भिंगाकडे होतं. 'भिंग आलं रे!' म्हटलं की शेतातली माणसं विडी विझवायची.

मागच्या वर्षी बियाण्याची शेतं होती एक भिंगाचं आणि एक वहिनीचं. वहिनी म्हणजे त्याच्या चुलतभावाची बायको. भाऊ ट्रकवर, महिन्याचे वीस दिवस बाहेर. शेत तिच्याच अंगावर. भिंग तपासायला गेला तो गटातल्या पाच-सहा जणांना घेऊन. त्याला तिथे सात झाडं सापडली. सातच. पण त्यानं त्या सातांचा असा गाजावाजा केला, की सातशे असती तरी एवढा झाला नसता. तिला सगळ्यांसमोर एकेक उपटायला लावलं आणि वर म्हणाला, "वहिनी, घरात मीठ जास्त पडलं तर एका घराचं तोंड वाकडं होतं. इथे चुकलं तर बत्तीस घरांचं." माणसं हसली. वहिनीनं झाडं उपटून बांधावर ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे, भावजी."

स्वतःचं शेत मात्र त्यानं एकट्यानंच तपासलं. तपासनिसाला तपासणार कोण? कोपऱ्यात, जिथे पाणी जरा जास्त साचतं तिथे, त्याला उंच झाडांचा एक झुबका दिसला. मोजली तर चाळीस. पण काय झाडं होती! वीतभर ओंबी, बोटाएवढी जाड, दाणा असा भरलेला की टरफल फाटतंय की काय. त्यानं पहिल्या झाडाला हात घातला आणि हात तिथेच राहिला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! वहिनीच्या शेतात जी भेसळ होती ती त्याच्या शेतात आल्याबरोबर नवीन वाण झाली. त्याच्या मनानं घेतलं, की ही झाडं वेगळी कापू, वेगळी मळू, दोन-तीन वर्षं निवडत नेऊ, आणि मग गटापुढे ठेवू. लोक म्हणतील, हा भिंगाचा गहू. त्यानं चाळीसही झाडांना लाल चिंध्या बांधल्या आणि कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा.

कापणीच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या गटानं त्याला भाषणाला बोलावलं. विषय, भेसळ. त्यानं तास-सव्वा तास असं भाषण ठोकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते काखेत मारून तो घरी आला तर शेत मोकळं. मळणीचं यंत्र ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आलं होतं. बायकोनं चार माणसं लावून सगळं कापून, मळून पोती भरून ठेवली होती. तो ओरडलाच, "चिंध्या बांधलेल्या दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या की," ती म्हणाली. "मला वाटलं, पाखरांसाठी बांधल्यात. पण एवढं ओरडायला काय झालं?"

काय झालं ते त्यानं तिला सांगितलं. मग म्हणाली, "अजून काय बिघडलंय? आपली पोती बियाण्याला देऊ नका. दळायला ठेवू. गटाला सांगा, भेसळ झाली."

एवढं सोपं होतं ते. आजही त्याला आठवलं की अंगावर काटा यायचा, इतकं सोपं होतं. पण कालच टाळ्या घेऊन आलेला माणूस आज कुठल्या तोंडानं सांगणार? तो म्हणाला, "चाळीस झाडांनी काय होतंय." पोती खोलीवर गेली, वहिनीच्या पोत्यांबरोबर एकाच कोठीत ओतली गेली आणि बत्तीस घरांत वाटली गेली. बी करणाऱ्यानं पुढच्या पेरणीसाठी स्वतःच्या शेतातलं एक पोतं बाजूला ठेवायचं, असा रिवाज होता. दोघांनीही ठेवलं. पण वाटपाच्या शेवटी दोन घरांना बी कमी पडलं तेव्हा वहिनीनं आपलं राखीव पोतं उघडून त्यांना दिलं आणि स्वतः कोठीच्या तळाचं उरलंसुरलं नेऊन पेरलं. भिंगानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता हिशोब साधा होता. भेसळ कोठीत होती, कोठीतलं बी सगळीकडे गेलं, सगळीकडे उंच झाडं आली. वहिनीच्या शेतात आली आणि भिंगाच्या शेतातही आली. पण भिंगाच्या शेतात ती कुणी पाहिली नाहीत. रोज भर दुपारी, माणसं जेवून लवंडली की, तो विळा आणि पोतं घेऊन जायचा, वाकून वाकून उंच झाडं मुळासकट काढायचा आणि गुरांपुढे टाकायचा. बांधावरून दिसणारी झाडं पहिल्या दोन दिवसांतच गेली, आणि आठ दिवसांत त्याचं शेत कंगव्यानं विंचरल्यासारखं एकसारखं झालं. दोघांनी आपापलं राखलेलं पोतंच पेरलंय असं धरून लोकांनी दोन्ही शेतं पाहिली आणि न्याय करून टाकला. भिंगभाऊंचं शेत स्वच्छ, वहिनींचं भेसळीचं. मग कोठी कुणी नासवली हे काय ज्योतिषाला विचारायचं? शिवाय मागच्या वर्षी सात झाडं तिच्याकडेच सापडली नव्हती का? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर चोरानंच वळून दिलेला.

त्यानं शेत साफ केलं तेव्हा त्याला फक्त आपली लाज झाकायची होती. तिचं नाव पुढे येईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असं तो पहिले दोन दिवस स्वतःला सांगत होता. तिसऱ्या दिवशी दाढी करता करता न्हावी म्हणाला, "बाईच्या हातात बी दिलं की असंच," आणि भिंग फेसाखाली गप्प बसला. त्यानंतरही तो पाच दुपारी शेतात गेला. त्या पाच दुपारींचं काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

गटाच्या शेतफेरीच्या आदल्या दिवशी बायको गोठ्यातून हातात एक उंच ओंबी घेऊन आली. "उद्या वहिनींचं बियाण्याचं शेत काढून घेणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. तुम्ही काय म्हणणार?"

 बायकोनं ओंबी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि जेवायला वाढायला गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी गट निघाला. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. त्याला भांडण नको असायचं आणि म्हणून तो निकाल फार लवकर द्यायचा. सगळी शेतं फिरून मंडळी शेवटी भिंगाच्या बांधावर आली. एकाही झाडाची मान वर नाही. कुणीतरी वाहवा म्हणालं. तो शब्द भिंगाच्या कानशिलात बसला.

"हे बघा, याला म्हणतात बियाणं," पोस्टमन म्हणाला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या वर्षापासून बियाण्याचं शेत दुसरीकडे देऊ या. तुमच्यामागे व्याप फार."

"मी कोठीतलंच बी पेरलंय," वहिनी म्हणाली. "हे मी तीन आठवडे सांगतेय. माझं पोतं मी वाटून टाकलं होतं. ज्यांनी नेलं त्यांना विचारा." ज्या दोन घरांनी नेलं होतं ती माणसं तिथेच होती आणि मूग गिळून बसली होती.

वहिनी बांधावरून खाली उतरली आणि गव्हात शिरली. दहा पावलांवर वाकली. उठली, पुढे गेली, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिनं गव्हाच्या ओळीतल्या रिकाम्या जागी मूठ घातली. मूठ बरोबर मावली. तिनं वर पाहिलं ते थेट भिंगाकडे. तिला कळलं होतं.  तिथेच उभी राहून वाट बघत राहिली.

भिंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान आपल्याला 'मी नाही' असं तरी म्हणता येईल, असंही त्याच्या मनात आलं, आणि ते आलं याचीच त्याला शिसारी आली.

"भेसळ माझी आहे," तो म्हणाला.  "भेसळ माझ्या शेतातली. चाळीस झाडं मी मुद्दाम ठेवली होती. ती मळणीत गेली."

पोस्टमन कौतुकानं हसला. "बघा! याला म्हणतात दीर. वहिनीला पाठीशी घालायला स्वतःवर घेतोय. भिंगभाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण तुमचं शेत खोटं बोलत नाही."

"शेतच खोटं बोलतंय!" भिंग ओरडला. तो धडपडत गव्हात उतरला आणि ओळी बाजूला सारून दाखवू लागला. "हा खळगा बघा. हा बघा. हा. मी उपटलीत. रोज दुपारी येऊन उपटलीत." हे दाखवताना त्याच्या पायाखाली चांगला गहू तुडवला जात होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"तरीच," दूधवाला सावकाश म्हणाला. "तुमच्या गोठ्यात ओंब्यांसकट हिरवा गहू बघितला मी. म्हटलं, भिंगभाऊंच्या गुरांचा यंदा थाट आहे."

आता मात्र कुणी हसलं नाही. लोक भिंगाकडे बघत होते आणि भिंग आपल्या मातीनं भरलेल्या हातांकडे. त्याला वाटलं, आता खरं सुरू होईल. होऊ दे. पण पोस्टमननं घसा खाकरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकतो माणूस. सगळ्यांसमोर कबूल केलंत, हे काय थोडं झालं? नऊ वर्षं केलंय तुम्ही गटासाठी. झालं गेलं, विषय संपला. चला, चहा घेऊ." दोघं-तिघं हो हो म्हणाले. कुणीतरी त्याची पाठ थोपटली. वहिनीला जे तीन आठवड्यांत मिळालं नव्हतं, ते त्याला तीन मिनिटांत मिळालं होतं. आणि मंडळी वळली होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"थांबा," भिंग म्हणाला. "मला माफ करायचं की नाही, हे वहिनींना विचारा."

पोस्टमन अवघडला. "अहो, त्या काय नाही म्हणणार आहेत? काय वहिनी? तुम्हीही मोठं मन करा."

वहिनी अजून गव्हातच उभी होती. "भावजी, झाडं ठेवलीत ते मी समजू शकते," ती म्हणाली. "हौस असते माणसाला. मळणीत गेली, तोंड उघडवलं नाही, तेही समजते. पण हे खळगे? हे एका दिवसाचं काम नाही. लोक माझं नाव घेताहेत, हे कळल्यावरही तुम्ही आलात का इथे?"

"आलो."

"किती दिवस?"

"पाच."

"माझी सासू माझ्याशी बोलत नाही. नवऱ्यानं फोनवर विचारलं, तू असं का केलंस. तुम्हाला हे कळलं होतं?"

"कळलं होतं."

ती ओळींमधून जपून पाय टाकत बांधावर आली. एकही ओंबी मोडली नाही. "बियाण्याचं शेत मीच करणार," ती पोस्टमनला म्हणाली. "आणि बत्तीस घरी जाऊन हे सांगायचं काम तुम्ही नाही, भावजी करतील. माझ्या सासूपासून."

"करीन," भिंग म्हणाला. "आणि माफी?"

"नाही," वहिनी म्हणाली.

पोस्टमन मध्ये काहीतरी बोलू लागला, पण भिंगानं त्याला हातानं थांबवलं. बाकीच्यांनी दिलेल्या माफीचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. हे 'नाही' मात्र त्यानं मान खाली घालून, जसंच्या तसं घेतलं, आणि तो वहिनीच्या सासूच्या घराकडे चालू लागला.