हाताला आठवलेली तार

पत्र्याच्या टेबलावर त्या सकाळी प्लास्टिकचे चौसष्ट भाग होते. हेलिकॉप्टरच्या धडाचे दोन अर्धे, डोक्यावरच्या पंख्याची पाच पाती, शेपटीच्या पंख्याची तीन, चाके, दारे, खुर्च्या आणि बाकीचे बारीकसारीक. शेजारी स्टेपलच्या पिनांची एक पट्टी, दोन संपलेल्या रिफिली, गोळ्यांचे एक रिकामे पाकीट, जळालेल्या चार्जरची वायर, शिवणाची एक सुई आणि फेविक्विकची एक नळी. आणि मी.

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. अंगाने पोलादी, दीडशे मिलिमीटर लांबीपर्यंत मोजणारा. माझ्या दोन जबड्यांमध्ये वस्तू धरली की तिची जाडी मी सांगतो, आणि एका मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यातला एक भागही मला कळतो. कारखान्यात माझ्या अंगावर या रेघा कोरल्या गेल्या, त्या अजून पुसल्या गेलेल्या नाहीत.

माझी उमेदीची वर्षे मांजरसुंब्याच्या चौकात गेली. धोंडीराम मिस्त्रींचे तिथे लेथचे दुकान होते. बिघडलेले ट्रक बाहेर उभे असायचे आणि ड्रायव्हर दोन बोटे ताणून शाफ्टभोवतीच्या कड्याचे माप सांगायचे, "मिस्त्री, बुश एवढा पायजे." मिस्त्री हसून मला पुढे करायचे. "ह्यो काय म्हणतो ते आदी ऐकू, मग तुमचं." माझे इतके कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

मिस्त्रींना माझ्या रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी मला कचरूला देऊन टाकले. कचरू युसूफ वडगावचा. विहिरीतल्या मोटारी काढणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा बसवणे हा त्याचा धंदा. दोराला धरून तो सरसर खाली उतरायचा, गाळात अडकलेली मोटार बांधून वर पाठवायचा. मी त्याच्या कमरेच्या पिशवीत असायचो. विहिरीच्या तळातून वर पाहिले की आभाळ ताटाएवढे दिसते, असे तो सांगायचा. खाली उतरताना तो गाणे म्हणायचा आणि ते विहिरीत घुमायचे.

मग तो पूर आला. नदीकाठच्या शेतात मोटारीची खोली होती. पाणी चढायच्या आत मोटार सोडवावी म्हणून कचरू गेला आणि चारी बाजूंनी वेढला गेला. खोलीच्या स्लॅबवर तो एकटा, आणि पिशवीत मी. सकाळी आभाळातून असा आवाज आला की माझे जबडे आपोआप थरथरले. एक जवान तारेवरून उतरला, त्याने कचरूच्या काखेत पट्टा अडकवला. आम्ही उचलले गेलो. मी पिशवीच्या अंधारात होतो. कचरूने तार दोन्ही मुठींत धरून डोळे गच्च मिटले होते. म्हणजे दोघांनीही ते हेलिकॉप्टर पाहिलेच नाही.

त्यानंतर कचरूने पिशवी खुंटीला टांगली ती टांगलीच. विहिरीच्या काठाशी जाई, दोर हातात घेई आणि तसाच माघारी फिरे. मी ओल्या पिशवीत गंजत राहिलो.

शेजारच्या केसरबाईंच्या विहिरीत त्यांची मोटार गाळात रुतून बसली होती. दुसरा मिस्त्री आणायला त्या तयार नव्हत्या. कुंपणावरून रोज आवाज यायचा, "का रे कचरू, आता हेलिकॉप्टरनंच उतरनार का माझ्या हिरीत? तसं आसंल तर सांग, लिंबाच्या फांद्या छाटून ठिवते!"

कचरू हसायचा आणि घरात यायचा. घरात आला की हसू जायचे. एकदा तो जाईबाईला, त्याच्या बायकोला, म्हणाला, "आता मला हे काम जमंल आसं वाटंना."

वनिता त्यांची मुलगी. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आहे, गावात शिकवण्या घेते. वडील सारखे एकच विचारायचे, "वने, ते कसं दिसत व्हतं गं?" त्या दिवशी गावात कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत नुसता काळा ठिपका होता. म्हणून तिने हेलिकॉप्टरच्या मॉडेलचा संच मागवला. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढा. पण डबा उघडला तर त्यात सगळे होते आणि माणूस वर ओढणारी चरखीच नव्हती. ना तार, ना आकडा, ना पट्टा.

"रहाटच न्हाई व्हय?" कचरू म्हणाला. त्याच्या लेखी ती विहिरीवरचीच वस्तू. "मग ह्यात मला कशानं उचललं आसंल?"

"करू आपण, आबा," वनिता म्हणाली. तिने खुंटीवरची पिशवी काढली, मला मशीनच्या तेलाने पुसले, बारीक पॉलिश पेपरने गंज घालवला आणि जबडे मिटवून प्रकाशासमोर धरले. मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. माझ्या सरकत्या पट्टीचे शून्य बरोबर मुख्य पट्टीच्या शून्यावर होते.

मित्रांनो, मी ट्रकचे शाफ्ट मोजले आहेत, पण असे काम पाहिले नव्हते. रिफिलीचा चार मिलिमीटरचा तुकडा म्हणजे चरखीचे धड झाले. वायरच्या प्लास्टिकची एक चकती म्हणजे कप्पी, तिला सुई तापवून मधोमध भोक. स्टेपलची पिन वाकवून आकडा. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पत्री कापून काखेचा पट्टा. वनिता श्वास रोखून काम करायची, कारण श्वासानेसुद्धा कप्पी टेबलावरून उडायची. प्रत्येक तुकडा आधी माझ्या जबड्यांत यायचा. इतक्या लहान वस्तूही बरोबर किंवा चूक असू शकतात याचे मला नवल वाटायचे.

अडले ते तारेपाशी.

"किती जाड होती, आबा?"

"ही आशी. मनगटाएवढी."

वनिताने दोरा घेतला, एक मिलिमीटरचा, आणि लटकवला. लगेच हिशेब केला. खऱ्या यंत्रावर ती तार अठ्ठेचाळीस मिलिमीटर जाड झाली असती. तिने मान हलवली. "आबा, एवढी जाड तार त्या चरखीवर गुंडाळलीच जाणार नाही."

"मी धरली व्हती का तू?" कचरू चिडला. "मनगटाएवढी म्हंजे मनगटाएवढी! बारीक तारंनं मानूस उचलतेत व्हय?"

वनिता वाद घालायला बसली नाही. तिने घरातून वस्तू गोळा केल्या. "डोळे मिट. त्या दिवशी मिटले होतेस तसे. मी हातात देईन ते धर आणि फक्त हो-नाही सांग."

पहिल्यांदा विहिरीचा दोर दिला. "न्हाई." मग खराट्याचा दांडा. "न्हाई." मग पेन्सिल. कचरू थांबला, बोटे पुन्हा मिटवून पाहिली. "न्हाई. ह्याच्याहून..." त्याने वाक्य सोडून दिले.

मग वनिताने मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर त्याच्या दोन्ही मुठींत दिली.

कचरूची नखे पांढरी पडली. खांदे वर चढले. दारात उभी जाईबाई पुढे आली, पण वनिताने हाताने थांबवले.

"हीच," तो हळूच म्हणाला. "हीच हाय."

वनिताने त्याच्या मुठींच्या मधोमध वायरवर मला लावले. ४.९० मिलिमीटर. कचरूने डोळे उघडले आणि माझ्या रेघांकडे पाहिले. मीही इतकी वर्षे मोजतो आहे, पण जिभेने मनगट सांगितले आणि हाताने पाच मिलिमीटरही नाही, हे मला नवीन होते.

"एवढीशी?" कचरू म्हणाला. "खाली एवढं पानी, आन् वर एवढीशी?"

"पोलादाची असते, आबा. तुझ्यासारखे पंधरा जण टांगले तरी तुटणार नाही."

"मंग तिला कायबी व्हनार नव्हतं." तो वायरकडे बघत होता. "मीच भेलो व्हतो."

आता मॉडेलवर तार हवी होती ०.१ मिलिमीटरची. वनिताने चार्जरच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू ओढला. एकटा तंतू मोजायला फार बारीक, म्हणून सुईवर त्याचे दहा वेढे शेजारी शेजारी घातले आणि मला दिले. १.०० मिलिमीटर. भागिले दहा.

एम-सील मळून छोटा कचरू तिने शेवटी केला, पस्तीस मिलिमीटर उंच. खरा कचरू वाकून पाहत होता. "डोळे मिटलेलेच काढ. खोटं नको."

"तुझा डोळा ह्यात अर्ध्या मिलिमीटरचा होतोय. मिटलाय का उघडाय, कुणाला कळणार?"

"मंग उघडेच काढ," कचरू म्हणाला, आणि जाईबाई इतकी हसली की वनिताला काम थांबवावे लागले.

मॉडेल छताच्या पंख्याच्या हुकाला टांगले. तांब्याचा तो तंतू पाहायला जवळ जावे लागते; लांबून पाहिले तर छोटा कचरू नुसत्या हवेत तरंगतो. कचरू त्याच्याखाली उभा राहिला. मग त्याने दोर खांद्यावर टाकला आणि माझी पिशवी कमरेला बांधली.

मित्रांनो, एक सांगतो. माझ्यासारखे साधन घरात असेल तर ते ओले ठेवू नका, जबडे जोरात दाबू नका. आणि भीती वाटली, तर ती नेमकी केवढी आहे हे एकदा मोजून पाहा. अंदाजाने ती मनगटाएवढी होते.

केसरबाईंच्या विहिरीवर कचरूने दोराची गाठ स्वतः बांधली, ओढून पाहिली. "आलास व्हय रे बाबा!" केसरबाई म्हणाल्या, आणि पुढचा टोमणा त्यांनी गिळला. मला त्याने वनिताच्या हातात दिले. "हितंच थांब. मोटार वर आली की शाफ्ट मोजायचाय, पंचवीसचा हाय, किती झिजला ते बघू." तो काठावरून पाय सोडून बसला, खाली पाहिले, डोळे उघडे ठेवले, आणि गेला. थोड्या वेळाने आतून गाणे घुमत वर आले.

काठावर मोटार खोलली तेव्हा शाफ्टवर गाळ होता. वनिताने तो पुसला, माझे जबडे मिटवून शून्य पाहिले आणि मला शाफ्टवर लावले. कचरूच्या केसांतून निथळणारे पाणी माझ्या रेघांवर पडत होते.

२४.९८ मिलिमीटर.